कुंपणापलीकडची सुकट

माझी मोठी जाऊ मला जे बोलली ते हळदीच्या मांडवात बोलली, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. पाड्यावर लग्न होतं. आम्ही सगळ्या तांदूळ निवडत बसलो होतो. कोणीतरी सहज मला म्हणालं, "तुझं कुत्रं परत सुटलंय गं, खाली ओहोळाला दिसलं." मी तोंड उघडण्याआधीच जाऊ म्हणाली, "तिच्या घरात नवरा नाय टिकला, कुत्रं काय टिकल?"

बायका हसल्या. सगळ्या नाही हसल्या, पण हसल्या. मी सूप खाली ठेवलं नाही. हातातले खडे बाजूला टाकत राहिले, आणि मनात ठरवलं की हे वाक्य मी हिला गिळायला लावणार. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

आधी सांगते की कुत्रं कुठून आलं. माझं माहेर जव्हारचं. बारावी झाल्यावर लग्न करून पोशेऱ्याजवळच्या या पाड्यावर आले. नवरा आधी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचा, नंतर भिवंडीला गोदामात लागला. आवणीला, म्हणजे भात लावायला, आणि होळीला घरी यायचा. शेवटच्या होळीला आला तेव्हा गोणपाटात एक पिल्लू घेऊन आला. तांबूस रंगाचं, छातीवर पांढरं. म्हणाला, "तुला सोबत." मला तेव्हा ते प्रेमाचं वाटलं. त्यानंतर तो आला नाही. तिकडे त्याने दुसरं घर केलं हे मला पाड्यावरच्याच, तिथे हमालीला जाणाऱ्या माणसांकडून कळलं. फोन केला तर म्हणाला, "कामात आहे, नंतर बोलू." पुढे फोन उचलेनासाच झाला. म्हणजे ती सोबत कशासाठी होती, हे मला उशिरा कळलं.

कुत्र्याला मी नाव ठेवलं नाही. यू यू केलं की ते यायचं, तेवढं पुरत होतं. मुलगी आश्रमशाळेत शिकते, सुट्टीलाच घरी येते. बाकी दिवस घरात मी, शिलाई मशीन आणि ते कुत्रं. आणि तेही थांबेना. मी पाण्याला गेले की ते नाहीसं. मशीनवर बसले, डोकं खाली घालून एक शिवण मारली, वर बघते तर ओटीवर नुसती दोरी.

मांडवातून घरी आले त्या दिवसापासून कुत्र्याला घरात ठेवणं हे माझं काम झालं. खरं सांगायचं तर मला त्या वेळी त्याच्याविषयी माया वगैरे काही नव्हती. मला जाऊ खोटी पडायला हवी होती.

आमची दोन घरं एकाच अंगणात. मध्ये एक जुनं कुंपण, त्याच्या कामट्या कुजलेल्या. पलीकडे मोठे दीर, जाऊ आणि सासू. पहिलं काम मी कुंपणाचं केलं. बांबू तोडून आणले, कामट्या काढल्या, मध्ये करवंदीच्या काट्या खोचल्या. हात रक्ताने भरले. जाऊ ओटीवर उभी राहून बघत होती. "कोणाला आडवतेस गं?" म्हणाली. मी म्हटलं, "ज्याला अक्कल नाही त्याला." कुत्र्याने खालून माती उकरली आणि गेलं. मी खाली दगड रचले. त्याने वरून उडी मारली, काट्याने पोट खरचटून घेतलं, पण गेलं.

मग मोखाड्याच्या बाजारातून साखळी आणली. साखळीला बांधल्यावर ते असं रडायला लागलं की माणूस गेल्यासारखं वाटावं. दिवसभर. माझी मशीन चालायची आणि ते रडायचं. पलीकडून सासू ओरडली, "अगं त्याला तरी सोड, नायतर मला तरी बहिरी कर!" मी सोडलं नाही. गळ्याभोवतीचे केस गेले, कातडी लाल झाली. तेव्हा कोणीतरी सांगितलं की ओढाळ गुराला घालतात तसं लोढणं घाल. मी गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवला. पळायला गेलं की तो पुढच्या पायांवर आपटायचा. पहिल्या दिवशी ते अंगणाच्या बाहेर गेलं नाही. मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी बघते तर लंगडत, ओंडका ओढत, कुंपणाच्या फटीतून जावेच्या अंगणात जाऊन बसलेलं. जाऊ मला बघून म्हणाली, "बघ, पाय मोडून घेईल पण तुझ्याकडं राहणार नाय."

त्याचा पाय खरंच सुजला होता. ओंडका मी तिथेच, तिच्या अंगणात काढून फेकला. त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि जव्हारला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. जीपवाला कुरकुरला, मी कुत्र्याला मांडीवर घेतलं तेव्हा गप्प झाला.

जव्हारच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पाय बघितला, गळा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "हे काय केलंत?"

"पळतं," मी म्हटलं. "काहीही करून थांबवायचंय."

"मादीच्या मागे जात असेल तर ऑपरेशन करून घ्या, फिरणं कमी होईल. पण बांधून ठेवलेलं कुत्रं सुटलं की पळणारच. त्याला तुमच्याबरोबर हिंडवा, दमू द्या. खायला ठरलेल्या वेळी तुम्हीच द्या. आणि तरी एकाच ठिकाणी जात असेल तर तिथे त्याला काय मिळतं ते बघा."

ऑपरेशन करून आणलं तेव्हा जाऊ अख्ख्या पाड्यावर सांगत फिरली, "नवरा गेला म्हणून आता कुत्र्याला पण सोडलं नाय." हेही मी मनात ठेवलं. मांडवातल्या बोलण्याच्या शेजारी ठेवलं.

पण डॉक्टरबाईंचं शेवटचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. तिथे त्याला काय मिळतं? मी सासूला विचारलं.

सासूविषयी सांगायला हवं. म्हातारी सकाळपासून कुंपणाला टेकून उन्हात बसलेली असायची. गुडघे गेलेले, दात गेलेले, नजर मात्र घारीची. माझ्याशी ती फार बोलत नसे, कारण नवरा सोडून गेला तर चूक बाईची असं तिचंही मत होतं. त्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन खाली बसले आणि म्हटलं, "आई, माझं कुत्रं तुमच्याकडे का येतं?"

म्हातारीने आधी घराकडे बघितलं. जाऊ पाण्याला गेली होती. मग म्हणाली, "येतं काय? ती बोलावते. तू हंडा घेऊन गेलीस का ती सुकट घेऊन येते. यू यू करते. रोज."

"सुकट?"

"भाजून. वास असा सुटतो..." म्हातारी थांबली. ओठ ओले केले. "मला नाय देत. मला म्हणते, तुझ्या पोटाला सोसणार नाय."

मी घरी आले, चुलीपुढे बसले आणि हसले. खूप दिवसांनी हसले. ज्या बाईने मला भर मांडवात बोल लावला, तीच रोज सुकट भाजून माझ्या घरातलं कुत्रं फोडत होती. आणि ज्या म्हातारीला तिने सांभाळायचं ती त्या वासावर उन्हात बसून भाकर चघळत होती. मला काय करायचं ते कळलं.

कुत्र्याचं आधी केलं. साखळी काढली. पहाटे सरपणाला जाताना त्याला बरोबर घेतलं, खाचरात नेलं, पाण्याला नेलं. दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं नाही हे शिकवायला वेळ लागला. त्यासाठी मी शेजारच्या एका मुलीला सुकट घेऊन उभी करायची. ते तिच्याकडे गेलं की ती मूठ मिटायची, परत माझ्याकडे आलं की मी तिच्या मुठीतल्याहून जास्त द्यायचे. हळूहळू त्याला हिशेब कळला. दिवसभर माझ्या मागे हिंडून ते इतकं दमायचं की दुपारी मशीनच्या पायट्याशी झोपून जायचं. जाऊ पलीकडून यू यू करायची. ते एक कान हलवायचं. मी मशीन थांबवून मुद्दाम शांतता करायचे, म्हणजे तिचं हाक मारणं तिला स्वतःला नीट ऐकू जावं.

आणि मग म्हातारी.

लोक आज म्हणतात की मी सासूची फार सेवा केली. पाड्यावरच्या बायका नव्या सुनांना माझं उदाहरण देतात. मी कोणाला अडवत नाही. पण मला माहीत आहे की मी सेवा करत नव्हते, मी सूड घेत होते, आणि तो मी मन लावून घेतला.

जाऊ पाण्याला गेली की मी नागलीची गरम आंबील वाटीत घालून कुंपणावरून द्यायचे. पहिल्या दिवशी म्हातारीने संशयाने बघितलं. "काय हवंय तुला?" मी म्हटलं, "काही नको. थंड होईल." दुसऱ्या दिवशी तांदळाची मऊ भाकरी दुधात कुस्करून दिली. मग सुकट. भाजून, वाटून, तेलात परतून, चटणीसारखी बारीक, दातांशिवाय खाता येईल अशी. म्हातारीने पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी कुंपणाच्या अलीकडे बसून तिच्या घशाची हालचाल बघत होते आणि मला असं समाधान झालं की सांगता येत नाही.

मी मध्येच दोन-चार दिवस काही दिलं नाही. म्हातारी कुंपणाशी येऊन खाकरायची. मी मशीन चालवत राहायचे. मग परत द्यायचे. तिचं लुगडं विरलं होतं, त्याला आतून जुन्या कापडाची ठिगळं लावून दिली. गुडघ्याला मोहाचं तेल कोमट करून चोळून दिलं, त्यासाठी मात्र तिला कुंपणाच्या अलीकडे यावं लागायचं. मी कुंपणात तिच्या येण्यापुरती वाट केली. ज्या काट्या मी स्वतः खोचल्या होत्या त्याच काढल्या. म्हातारी आधी तेल लावण्यापुरती यायची. मग जेवण्यापुरती. मग दुपारच्या झोपेपुरती. कुत्रं तिच्या पायाशी पडून राहायचं.

एकदा जाऊ कुंपणाशी आली. "आये, घरी चाला. लोक काय म्हणतील?"

म्हातारी म्हणाली, "येते." आणि कूस बदलून झोपली.

जावेने माझ्याकडे बघितलं. मी एका ब्लाउजला हुक लावत होते. मान वर केली नाही. तिचाही होळीचा ब्लाउज माझ्याकडे शिवायला यायचा पूर्वी, आता ती पोशेऱ्याला जात होती, आणि तिथला शिंपी बाह्या घट्ट करतो हे मला दिसत होतं.

सोक्षमोक्ष लागला तो एका सकाळी, भात झोडून झाल्यावर. पाड्यावरची माणसं आमच्या अंगणात जमली होती, बोहाड्याच्या उत्सवात कोणतं सोंग कोणी नाचवायचं ते ठरवायला. दीर पुढे बसले होते. जाऊ चहा देत होती. आणि म्हातारी घरातून बाहेर आली. काखेत गोधडीची वळकटी, हातात तिचं पितळेचं ताट, काठी टेकत सगळ्यांच्या मधून हळूहळू चालत, कुंपणातल्या वाटेने माझ्या ओटीवर आली आणि वळकटी खाली टाकून त्यावर बसली. मी तिला असं करायला सांगितलं नव्हतं. एवढं नाटक मला सुचलंही नसतं.

दीर उठले. "आये, हे काय?"

"मी इथं राहणार."

"का? तिकडं काय कमी हाय तुला?"

जाऊ हातात चहाची किटली घेऊन उभी होती. म्हातारीने काठी तिच्याकडे केली. "तुझी बायको दुसऱ्याच्या कुत्र्याला सुकट भाजून घालते. मला नाय घालत. आता मी कुत्र्याजवळच राहते. इथं दोघांना मिळतं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर जावेला बरं झालं असतं, उलटून बोलता आलं असतं. एकेक जण चहाच्या कपात बघायला लागला. दिरांनी बायकोला विचारलं, "खरं हाय?" तिने किटली खाली ठेवली आणि ती आत गेली. मांडवातल्या बऱ्याच जणी तिथे होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हातारीसाठी तांब्या भरून आणला. बोलायची काही गरजच नव्हती, आणि न बोलण्याची चव मला त्या दिवशी कळली.

दीर नंतर कुंपणाशी येऊन म्हणाले, "तू चांगलं केलंस असं मी म्हणणार नाय."

"नका म्हणू, दादा," मी म्हटलं. "पण आईंना विचारून न्या. मी बांधून ठेवलेलं नाही."

म्हातारी गेली नाही. ती सोपी बाई आहे असं समजू नका. मीठ कमी, चहा पातळ, मशीनचा आवाज फार, सगळ्यावर तिचं बोलणं असतं. कधीकधी वाटतं की तिला परत कुंपणावरून उचलून ठेवावी. पण सकाळी जाऊ अंगण झाडायला बाहेर येते, आणि म्हातारी माझ्या ओटीवर आंबिलीचे भुरके मारत असते, तेव्हा मला सगळं परवडतं.

आई माझ्याकडे आहे हे नवऱ्याला कळलं तसा त्याचा फोन आला. आधी जो माझा फोन उचलत नव्हता त्याने स्वतः केला. "आई तुझ्याकडे कशी?"

"आवडलं तिला," मी म्हटलं.

तो होळीला आला. नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. अंगणाचा झापा उघडाच होता, आता मी तो लावत नाही. कुत्रं उंबऱ्यापाशी बसलेलं होतं. त्याला बघून उठलं आणि भुंकायला लागलं. तो म्हणाला, "अरे, मी तुला आणलं ना!" खाली बसला, हात पुढे केला, यू यू केलं. पुड्यातली मिठाईही काढून दाखवली. कुत्रं जागचं हललं नाही. भुंकतच राहिलं. मी मशीनवर होते. मी त्याला गप्प करू शकले असते, एका शब्दात गप्प बसतं ते. मी सुईत दोरा ओवत बसले. दोरा ओवायला मी भरपूर वेळ घेतला.

शेवटी म्हातारी ओटीवरून बोलली. "कोण हाय?"

"मी, आये."

"कोण मी?" तिला चांगलं दिसत होतं. एवढ्या लांबून तिला पोरगा ओळखू येत नाही असं नाही. "इथला माणूस असता तर कुत्रं भुंकलं नसतं. भावाकडे जा."

तो भावाकडे गेला. तिथे जेवला, दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने निघून गेला. मिठाईचा पुडा कुंपणावर ठेवून गेला होता. तो मी जावेच्या अंगणात सरकवला. तिने घेतला की टाकला ते मी बघितलं नाही.

या वर्षी आवणीला आमची दोन खाचरं शेजारी शेजारी होती. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे जाऊ. दोघीही वाकून, पाठीला पाठ करून, पावसात. म्हातारी हट्टाने आली होती, इरलं डोक्यावर घेऊन बांधावर बसली होती, कुत्रं तिच्या इरल्याखाली. तिथून दोघींनाही ओरडत होती, रोप वाकडं लावताय, दाट लावताय, तुमच्या आयांनी तुम्हाला काही शिकवलं नाही. बोलता बोलता तोल गेला आणि ती बसल्या जागेवरून घसरून चिखलात गेली. इरलं वर, म्हातारी खाली, आणि इरल्याच्या आतून शिव्या चालूच. आम्ही दोघी एकदमच धावलो. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. तिला काही लागलं नव्हतं. तोंडभर चिखल, आणि म्हणते कशी, "दोघी मिळून ढकललंत ना मला?"

जाऊ खो खो हसली. हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं, मीही हसेन म्हणून थांबली.

मलाही हसू आलं होतं. पोटात दुखेपर्यंत आलं होतं. मी म्हातारीचं तोंड पदराने पुसलं, तिला बांधावर नीट बसवलं, रोपांची जुडी उचलली आणि पाठ फिरवून लावायला लागले.